कडी

मोदी नंबर तीनच्या बोळात, चिमट्यात रिबन धरून बसलो होतो.
गिऱ्हाईक सांगून राहिलं, दोन कंपन्या कोर्टात भांडून राहिल्या,
बोट सरकवून फोन उघडायची अक्कल आधी कोणाची.
मी म्हटलं, आमच्या मोरीची कडी बी तशीच सरकते न बावा,
तिचा वकील कोण?

हसलं ते. मग फ्लक्सचा धूर नाकात गेला
अन् गोळीबार चौकातला माग आठवला,
बापानं चार रात्री जागून बसवलेली चिंचपानाची किनार.
दिवाळीला तीच इतवारीत, थप्पीनं,
मिलच्या पातळावर, अर्ध्या भावात.

बापानं एक पातळ उलटंपालटं करून पाहिलं.
"देठ विसरले," म्हणाला,
अन् घडी घालून परत ठेवलं.

काच बसली.
बोट सरकवलं. उघडला.
तीनशे द्या.