पालक पाहिजे

भिंतीवर मीच लिहिलं, उरलेली फक्की पाण्यात कालवून,
ब्रश नव्हता, म्हणून जुन्या मोज्याने:
पालक पाहिजे. सकाळी साडेपाच. मैदानावर.
‘पाहिजेत’मधला त मावला नाही,
भिंत तिथंच संपली.

त्याआधी तोंडी विचारून झालं होतं.
बारा पोरी, म्हणजे चोवीस आईबाप.
एकीला वडील नाहीत, एकीची आई बैतूलला,
राहिले बावीस.
मला हवे होते चारच.
पाण्याच्या कॅनला एक,
बाद झालेल्यांची नावं लिहायला एक,
शिट्टी माझ्या तोंडात असते तेव्हा घड्याळाकडं बघणारा एक,
आणि काटोलच्या सामन्याला गाडीत सोबत कुणीतरी,
परतताना रात्र होते
आणि बारा पोरींमध्ये मोठी मी एकटी.

खो-खोत कसं,
मागून पाठीला हात लागला, कानात खो पडला
की उठायचं. का, कुठं, विचारायचं नाही.
फाटकापाशी उभ्या रांगेत मी या खांबापासून त्या खांबापर्यंत पळाले,
एकवीस पाठींना हात लावला.

“मिहानला शिफ्ट आहे जी.”
“कूलरचा पंप जळला मॅडम, तो पाहू का हे?”
“मले तं नियमच नाही समजत.”
“पुढच्या हप्त्यात पाहू न.”
उमाठे साहेबांनी अख्खा सराव मोबाइलमध्ये घेतला,
मोटरसायकलवरून न उतरता,
आणि जाताना अंगठा दाखवला.
शाबासकी की ठेंगा,
घरी पोहोचेपर्यंत ठरवत होते.

म्हणून भिंत.

मे महिना. डांबरात कालची धग तशीच.
तिसऱ्या दिवशी कॉटन मार्केटकडून एक हातगाडी आली,
भिंतीसमोर थांबली.
बाईनं एकेक अक्षर बोटानं वाचलं
आणि मैदानात हाक टाकली,
“किती जुड्या लागते मॅडम?
उन्हाळ्यात पालक महाग हाय,
पण पोरीइले पाहिजे तं भावात पाहून घेऊ.”

मला हसू आलं,
आणि तिथंच अडकलं,
कारण गाडीला मागून जोर लावत होती आचल.
आमची आचल, सूर मारून खांब गाठणारी,
रोज दहा मिनिटं उशिरा येणारी,
जिला मी उशिराबद्दल दोन फेऱ्या जास्त पळवत होते.

बाविसावी पाठ.
तिला मी विचारलंच नव्हतं.
हिला कुठला वेळ, हे माझं मीच ठरवलेलं.

“तो पालक होय!” इंदू नेवारे म्हणाली,
चाकाखाली दगड लावला,
भाजीवर ओलं पोतं पसरलं,
पदर खोचला.
तिनं मारलेली फक्कीची रेघ
माझ्यापेक्षा सरळ आली.
उधारीच्या वहीत, मागच्या पानावर,
‘घोडे वहिनी, ऐंशी रुपये’च्या खाली
ती नावं लिहू लागली.
आचल, बाद, दुसरा मिनिट.
लिहिताना हात थांबला नाही,
उलट मोठ्यानं वाचूनही दाखवलं.
पोरगी फुरंगटली.
“पाय उशिरा उचलला तू, म्या पाह्यला.”

आणि काय तो आवाज!
पाच गल्ल्यांत दोडके पोहोचवणारा.
तोच एकदा फाटकाकडं वळला,
“ओ दादा, गाडीवर बसून काय शूटिंग करून राहिले,
कॅन उचला, पोरीइचे घसे वाळले!”
उमाठे साहेब उतरले.
मोबाइल कुठं ठेवावा, त्यांना कळेना.

काटोलला येईन म्हणते.
त्या दिवशी गाडी लागणार नाही, म्हणजे पाचशे-सहाशे बुडाले.
ते कुणी भरायचे, हे अजून आमचं बोलणं झालेलं नाही.
मी विषय काढते, ती भोपळे निवडू लागते.

भिंतीवर तसंच आहे. त-ला जागा नाही.
अजून दोघं लागतात.
कधी एखादी नवी बाई थांबते, वाचते,
भाव विचारते.
मी सांगते:
रोज दीड तास.