बोळकी पक्कड

वेइक्को पेल्कोनेनच्या हातांना छत्तीस वर्षं
एकच शब्द येत होता: आवळ.
कागद गिरणीतले वाफेचे पाइप,
मुठीएवढे नट,
आणि पाना इतका लांब
की दोघांनी लोंबकळावं.
सैल राहिलं की माणूस भाजतो,
म्हणून आवळ.

गिरणी बंद पडून सहा हिवाळे झाले.
आता तो सरोवराकाठच्या शेडमध्ये
लाकडाचे मासे रंगवतो, बोटभर लांबीचे,
गळाला लावायचे.
एअरब्रशने पाठीवर हिरवट काळोख,
पोटाकडे उतरता उतरता चांदी,
आणि खवल्यांसाठी
राउनीच्या जुन्या पडद्याची जाळी अंगावर ताणून
वरून एक फवारा.

पहिल्याच महिन्यात नॉझल अडकलं.
जवाच्या दाण्याएवढं पितळ.
त्याने नेहमीची पक्कड लावली
आणि हातांनी नेहमीचंच केलं.
क्रोमवर तीन चरे, आटे पिळवटलेले,
त्यानंतर तो एअरब्रश
कायम डावीकडे थुंकायचा.

मग त्याने दुसरी पक्कड घेतली, लहान,
शेगड्यात धरली आणि कानशीने
तिचे दात घासले,
म्हणजे खरंच घासले, मुळापर्यंत.
गुळगुळीत जबड्यावर कातडं चिकटवलं.
कातडं गिरणीतल्याच बुटांचं,
त्यांच्या जिभा कापून.
दात गेले, जीभ आली.
राउनी म्हणाली, स्वतःवरच बेतलीस की.
कारण कामाला बसताना तो कवळी काढून
कॉफीच्या कपात ठेवतो.
का ते विचारू नका.

या बोळक्या तोंडात नॉझल धरलं
की श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो.
कातड्याला जरासं दबू द्यायचं
आणि मनगटाने विचारायचं, फिरतंस का?
नाही म्हणालं तर थेंबभर थिनर,
आणि थांबायचं.
थांबणं हे हत्यार
गिरणीच्या पेटीत नव्हतं.

गंमत अशी,
की विकलेले मासे कधीकधी परत येतात,
पुन्हा रंगवून घ्यायला,
पाठीवर पाइकचे दात उमटलेले,
ओळीने, लाकडापर्यंत.
गिऱ्हाईक म्हणतं, तेवढे व्रण राहू द्या,
बाकीचं करा.
आणि ज्याने ते रंगायचे
त्या चिमुकल्या पितळेला
केसाएवढा चरा खपत नाही.

मार्चमध्ये एन्सिओ आला.
बर्फ अजून ट्रक पेलण्याइतका जाड.
एन्सिओ हिएतानिएमी:
गिरणीची यंत्रं सुटी करून जहाजावर चढवायला
परक्या कंपनीने माणसं घेतली,
त्यांत गावातला हा एकटा.
सहा वर्षं दोघे एकाच दुकानातून पाव घेतात
आणि वेगवेगळ्या वेळी.
हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला एअरब्रश.
नातीचा आहे, म्हणाला,
गोलकीपरांची हेल्मेटं रंगवते.
सुई आत धरून बसलीय.
हे सगळं तो स्वतःच्या बुटांना सांगत होता.

वेइक्कोने कवळी घातली नाही.
दिवा जवळ ओढला, पक्कड उचलली.
काळा रंग आत वाळून दगड झालेला.
थेंब. थांबणं.
थेंब.
स्टोव्हमध्ये बर्चचं ढलपं तडकलं.
पुन्हा थेंब.
चौथ्यांदा पाव आटा हलला
आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला,
मग दोघांनाही त्याची लाज वाटली.

नॉझल दिव्याखाली फिरवून पाहिलं,
एक ओरखडा नाही.
हिला दात नाहीत? एन्सिओने विचारलं.
मग धरते कशी?
वेइक्कोने खांदे उडवले.
मराठी येत असती तर म्हणाला असता:
धरते. दात धरत नाही.
पण त्याला मराठी येत नव्हती,
आणि पक्कड त्याची असली
तरी स्वभाव तिचा होता.

सात युरो, तो म्हणाला.
एन्सिओने दहाची नोट ठेवली.
याने तीन परत केले, मोजून.
कॉफी विचारली नाही.
कपात कवळी होती.