उलटी अक्षरं

कलेक्टर कचेरीसमोर दुपारची लाईट गेलेली,
तेव्हा तो आला. नाव योनास.
मोडक्या हिंदीत म्हणाला, बियाणं वाळवायची यंत्रं करणार,
इथंच, जालन्यात, एमआयडीसीत शेड घेतलंय.
शिक्का पाहिजे. गोल.

म्हणलं, पत्ता?
फाईल उघडली त्यानं: बँकेनं दोनदा परत धाडलेले कागद,
सही पासपोर्टावरल्यागत येत नाही म्हणून.
शेवटी भाडेचिठ्ठी सापडली,
द्वारा नसीर मिस्त्री, कन्हैयानगर.
'द्वारा' म्हणजे?
म्हणलं, तुमचं टपाल ज्याच्या दारात पडतं, तो.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं, त्याच्या लिपीत.

लाईट येईना, मग हातानंच कोरायला बसलो.
रबर बघून दचकला: हे तर उलटं!
मी काही बोललो नाही.
पेपरातल्या सोयाबीनच्या भावावर दाबून दाखवला.
मग त्यानंच घेतला हातात,
भावांवर, जाहिरातींवर, एका निधनवार्तेवर
शाई संपेस्तोवर मारत सुटला.

दीडशे झाले.
पावती द्या म्हणाला, शिक्का मारलेली.

एकतीस वर्षं झाली या टपरीला.
खणात, डब्यात, टेबलाखाली शोधत राहिलो
माझ्या नावाचा एखादा.