चेंबर नंबर पाच

तासगाव रोडच्या आमच्या कोल्ड स्टोरेजला चेंबर चार.
आत बेदाणा झोपलेला असतो
पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांत, चार अंशावर,
आणि बाहेर कॉम्प्रेसरशेजारी मी जागा,
दर तासाला वहीत आकडे भरत.

पूर्वी रात्रीला दोघं असायचो.
विलास खराडे किटलीत चहा टाकायचा.
मग मालकांनी भिंतीवर पॅनेल बसवलं,
हिरवा दिवा, लाल दिवा,
आणि खराडे दिवसाच्या लोडिंगवर गेला.
वहीत दुसऱ्या सहीचा रकाना मात्र
छापखानेवाला अजून छापून देतो.

एकट्यासाठी किटली चढवायची लाज वाटते.
कॉफी इरण्णाची. कडूरहून गाडी घेऊन येतो,
सीटखालून पुडी काढतो, म्हणतो,
उकळू नका हो, दाबून काढा.

दाबायची कशात?

आधी एक साधा पेला घेतला.
दट्ट्याला सायकलचा स्पोक, टोकाला जाळी,
हळद चाळायची, गणपती पेठेतून गोल कापून आणलेली.
चार वेळा घासली, राखेनंसुद्धा,
तरी तिसऱ्या घोटाला लग्नघराचा वास.
आणि तोवर कॉफी गार.

मग पेल्यात पेला. मध्ये बोटभर फट.
फटीत चेंबर तीनच्या दुरुस्तीतून उरलेला फोम,
तोच, जो मे महिन्याचं ऊन
बेदाण्यापर्यंत पोचू देत नाही.
त्याला काय कळतं, आत गार आहे की गरम.
आतलं आत, बाहेरचं बाहेर,
एवढंच त्याला येतं.
ओतला तेव्हा काकवीसारखा होता,
मग फुगत गेला, फुगत गेला,
आतला पेला एका अंगाला कलला
आणि दट्ट्या निम्म्यात अडकून बसला.

कुपवाडला शौकत मुजावरच्या लेथवर गेलो.
पंपाच्या बुशांच्या ढिगाऱ्यातनं वाट काढत तो आला,
कॅलिपर लावला.
"पाऊण मिलिमीटर वाकडा. किती माणसांचं करतोयस?"
एकाचं.
"एका कपासाठी कुणी साचा काढतं व्हय?"
काढला पण. बाभळीचा,
फोम भरताना पेला मधोमध धरायला.
पैसे विचारले तर लेथ चालू केला,
म्हणजे ऐकू यायला नको.

आता जमलं. एकशे ऐंशी मिली.
त्या रात्री प्यायलोच नाही, नुसतं मोजत बसलो.
तीनला ब्याण्णव.
पावणेचारला चौऱ्याहत्तर.
बाहेर कॉम्प्रेसर एक बंद पडला, दुसरा लागला,
अमोनियाचा जरासा वास, नेहमीचाच.
पाचला त्रेपन्न.

आणि घोटभर चाखली तेव्हा चूक कळली.
गरम राहते म्हणून कडू होत राहते.
चोथा तळाशी दाबला, म्हटलं गप बसेल,
पण तो खाली आपलं काम करतच असतो.
गार झाली असती तर थांबली असती.
मुजावर म्हणतो, तळाला फिरती चकती बसवू,
एक पिळा दिला की भोकं बंद.
पुढच्या शनिवारी बघू म्हणतो.
त्याचे शनिवार मला माहीत आहेत.

सोमवारी मालकांचा मुलगा वही चाळत बसला.
"कोळेकर, चेंबर आपले चार.
हा पाचवा कुठला? ब्याण्णव अंश?
माल शिजवताय का?"
मी म्हटलं, चाचणी चाललीय.
"कसली?"
इन्सुलेशनची, म्हटलं. खोटं नव्हतं.

त्यानं बोट आडवं सरकवत नेलं,
ओळीच्या शेवटापर्यंत.
सहा वाजून दहा मिनिटं, त्रेचाळीस अंश,
आणि दीड वर्ष कोऱ्या पडलेल्या रकान्यात
लोडिंगच्या निळ्या बॉलपेननं, खोक्यांवर लिहितात तसं ठळक:
लई कडू. वि. खराडे.