एकाच कागदावर दोनदा

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली,
पंचायतीच्या छताला टेकू लावलाय म्हणून.
विषय क्रमांक सात : घरकुल, गट नंबर एकशे बारा,
अर्जदार देवांगना उदेलाल चाचेरे.
म्हणजे मी.

एकोणचाळीस जण आले.
त्यातले अकरा माझ्यासाठी,
चार चहासाठी,
बाकीच्यांना पाहायचं होतं
बाईचं घर पाखरापायी अडते का खरंच.

बीटगार्ड उईकेनं नकाशा पसरला,
पौषातला वारा, म्हणून चार कोपऱ्यांवर चार डस्टर.
निळा तलाव. त्याच्याभोवती लाल रेघ.
रेघेच्या आत, तिळाएवढं,
माझं स्वयंपाकघर.

सीताराम ढिवर उठला, काठी टेकत.
"रेघ कोनत्या महिन्याची हाये, साहेब?
चैतात पानी त्या चिचेपासी जाते.
भादव्यात मी डोंगा बांधतो
इच्याच धुऱ्यावरच्या मोहाले."
उईके म्हणाला, "भादव्याची."
"मंग बराबर हाये," म्हणाला, आणि खाली बसला.
मला वाटलं होतं
तो माझ्या बाजूनं बोलेल.

मग सरपंच : मागच्या साली रिसॉर्टवाल्याले
नाही म्हटलं आपण, टाळ्या वाजवल्या.
आता गावच्या बाईले हो म्हनाव कसं?
"त्याच्या खोल्या वीस होत्या," होमेश, माझा पोरगा,
"आमच्या दोन."
"अंडेही दोनच असतेत," मागून कोणीतरी.
लोक हसले. मीही हसले,
पदर तोंडावर धरून.

ती रेघ कशावरून काढली
हे कोणी विचारलं नाही.
नऊ पावसाळे झाले, रोवणा आटोपला
की सारसाची जोडी आमच्या बांधीत येते.
हिरवं धान मुरगाळते, देवधानाचे बुडखे ओढते,
खाटेएवढा ढीग रचते पाण्यात.
तेवढा तुकडा आम्ही निंदत नाही.
कुत्री मी हाकलते,
रात्री होमेश बॅटरी घेऊन धुऱ्यावर निजतो.
आणि एक वही आहे, शंभर पानी,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे असलेली :
तारीख, वेळ, जोडी, अंडी, पिल्लू.
दरसाल उईके ती नेतो,
झेरॉक्स काढून परत आणून देतो.
रेघ तिच्यातून निघाली.
माझ्याच अक्षरातून.

"देवांगनाबाई," सरपंचानं हळूच विचारलं,
"यंदा होतं का घरटं?"

किती हळू विचारलं त्यानं.
नाही म्हणायला जागा ठेवून,
जसं पंगतीत शेजाऱ्यासाठी सरकतात.
सासरच्या सपरीत दोन चुली, मध्ये टिनाचा पत्रा,
पत्र्यापलीकडे जाऊ भांडी आपटते.
होमेशला पाहायला आलेले लोक
उभ्यानंच पाणी पिऊन गेले.
हे सगळं आठवलं, क्रमानं,
आणि तोंडातून निघालं :
"होतं. दोन अंडी.
एक पिल्लू उडालं. दुसरं मुंगसानं नेलं."

राखडे ग्रामसेवकानं पेन काढला.
"हरकत कोणाच्या नावानं लिहू?"
वऱ्हांडा गप्प.
उईके चष्मा पुसत राहिला, पुसलेलाच.
"माझ्या," मी म्हणाले.
"अर्जदारही तुम्ही, हरकतही तुमची?
एकाच कागदावर नाव दोनदा चालत नाही, बाई."
विषय पुढच्या सभेत.

आखराजवळ जागा पाहू, म्हणतात.
तिथून तलाव दिसत नाही.
पहाटे जोडी ओरडते तेव्हा
ऐकू येत असेल कदाचित. जाऊन पाहीन.

विटा मात्र उतरल्यात, मोहाखाली.
भट्टीवाल्यानं अडीच हजार सांगितल्या होत्या.
सांजेला मोजल्या, सवय आहे :
दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी.
वहीत लिहून ठेवल्या,
यंदाच्या पिल्लाच्या खाली.