ओळ क्रमांक सतरा

खापरीच्या पलीकडे, मेट्रोचा आवाज पोचत नाही तिथे,
ऑक्टोबरच्या सकाळी सातला
मी कपाशीच्या कळ्या मोजत असते.
नऊ मिलिमीटर. अकरा. चौदा.
कळीचं वय फूटपट्टीनं कळतं,
माझं, केंद्राच्या हजेरीबुकानं.

ब्लेडनं परागकोश चिरायचा.
आत चार-चार कण पाठीला पाठ लावून
कॅलोजच्या एकाच गोधडीत.
ती वेळेवर विरायला हवी.
लवकर विरली तर कण उघडे पडतात,
उशीर झाला तर एकमेकांपासून सुटतच नाहीत.

मग प्रत्येकाची आपापली भिंत.
बाहेरची काटेरी, युगं गेली तरी मातीत न कुजणारी.
आतली मऊ, दुधावरच्या सायीसारखी,
आणि तिच्यात साखरेनं लगडलेली प्रथिनं,
ज्यांची नावं माझ्या लेबलवर मावत नाहीत.
"त्यांना गारा समजू नकोस," खोब्रागडे मॅडम सांगतात,
"गवंडी समज."

ओळ सतरात एक गवंडी कामावर आलेला नाही.
कुठेतरी फार आत एक अक्षर चुकलंय.
काटे येतात, देखणे येतात,
पण आतली साय धरत नाही
आणि तेराव्या मिलिमीटरला कण बसतो,
पत्र्यावर वाळत घातलेल्या बोरासारखा.

काचपट्टीवर रंगाचा थेंब टाकला
की जिवंत कण जांभळा-लाल होतो, मेलेला हिरवा.
एकवीस वर्षं झाली,
हिरवं म्हणजे मेलेलं, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

सतराची अख्खी काच हिरवी होती.

पार्बताबाई उइकेंना सांगायला गेले.
त्या धुऱ्यावर डबा उघडून बसलेल्या.
उजव्या अंगठ्याचं नख तांदळाएवढं पुढे राखलेलं.
तीस हंगाम त्या नखानं
उद्या उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर सोलून काढतात,
आतल्या मादीला ओरखडा न लावता,
आणि देठाला लाल दोरा.
दुपारी तीनपासून अंधार पडेस्तोवर.

"हे त मले सोमवारीच मालूम होतं जी," त्या म्हणाल्या.
"सतराचं फूल बोटाले पिवळं लागतच नाही.
तुमच्या मशीनले काहून एवढा टाइम लागला?"

मी हसले. आणि हसता हसता
नको ते बोलून गेले:
ही ओळ जमली तर संकरित बियाण्यासाठी
पुंकेसर काढावे लागणार नाहीत.
असतील, पण पोकळ.
कळी आहे तशीच ठेवायची.

घास हातातच राहिला.
"म्हंजे नख नाही लागत."
"नाही."
"अन् सकाळचं? पराग लावाचं?"
"ते राहील. मधमाश्यांनी केलं नाही तर."

त्यांनी शेताकडे पाहिलं.
चाळीस बाया, डोक्याला ओढण्या बांधलेल्या,
कमरेला दोऱ्याची पिशवी,
कोणीतरी कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं.
"माश्याईले रोजी नाही लागत," पार्बताबाई म्हणाल्या
आणि चटणी माझ्याकडे सरकवली.
खूप तिखट होती. मी पाणी मागितलं नाही.

दुपारी फुलं मलईच्या रंगाची होती,
संध्याकाळी गुलाबी झाली.
सतराचीसुद्धा झाली, बाकीच्यांसारखीच.

मॅडमचा फोन आला, आनंदात होत्या,
पेढे कुठले आणायचे विचारत होत्या.
मी रजिस्टर उघडलं.
परागकण: निर्जीव. बाह्य भिंत: पूर्ण. आतील: नाही.
शेरा या रकान्यात 'उपयुक्त' लिहायचं होतं.
मी 'उ' काढला.
खिडकीतून अजून दिसत होतं,
अंधारात वाकलेलं एक डोकं,
नखाचा बारीक टक् आवाज इथवर येणं शक्य नाही,
तरी पेन तिथेच धरून
मी थोडा वेळ ऐकत बसले.