दाराशी कोण

"मॅडम, झोपेत माझ्याकडून कायबी वदवून घेताल का?"
निलंग्याचे व्यंकट बिराजदार, टेम्पोचालक,
खुर्चीच्या अगदी कडेवर बसून विचारतात.
दाढ काढायचीय. सुई बघितली की घेरी येते.
दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडं धाडलंय.
मी पंखा एकवर आणते.

नाही हो. झोप नसतेच ती.
रात्री बार्शी रोडनं लातूरला परतताना
मुरूड कधी मागं पडलं, आठवत नाही ना?
तरी ब्रेक वेळेवर लागला.
गाडी कोण चालवत होतं?
"मीच की."
तसंच.

मन एका खिळ्याला टांगायचं,
बाकीचा गलबला बाहेर ओट्यावर बसवायचा.
मग मी म्हणेन, हिरडी गार पडतेय,
आणि तो गारवा तुम्हीच आणायचा,
तुमच्या ओळखीच्या विहिरीतून.
नको वाटलं तर डोळे उघडा, पाणी प्या, घरी जा.
कुलूप तुमचं, किल्लीही तुमची.
मी नुसती दाराशी उभी राहून बोलते.

हे सगळं खरं आहे.
शेकडो जणांना सांगितलंय.
तरी "दाराशी" म्हटलं की
दर वेळी जीभ ठेचकाळते.

सेलूला, मी तिसरीत असताना
कौसाकाकूच्या पाटल्या गेल्या.
त्याच आठवड्यात गावात प्रोफेसर कुरुंदे यांचे प्रयोग.
पोरांना ते कांदा खायला लावायचे, पेरू म्हणून.
माझ्या भावानंही खाल्ला, मिटक्या मारत.
रात्री पांघरुणात म्हणाला,
"कांदाच होता गं. मला ठाऊक होतं.
पण सगळे बघायलते ना."

काकांनी प्रोफेसरांना घरी बोलावलं.
चहा पिताना दोघं काय कुजबुजले
ते मला ऐकू आलं नाही.
काकू पाटावर. समोर दोऱ्याला बांधलेली कपाटाची चावी,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
"दुपार आहे. न्हाणीचं दार दिसतंय.
दाराशी कोण उभंय?"
काकू गप्प.
"बाई आहे का? लुगडं जांभळं आहे का?"
काकू गप्प.
"नीट बघा. आहे ना?"
पापण्या थरथरल्या.
"आहे," काकू म्हणाली.

जांभळं लुगडं आमच्याकडं एकच यायचं,
भांडी घासायला.

जैतुनबीला कुणी हात लावला नाही.
चौकीतही कुणी गेलं नाही.
फक्त दुसऱ्या दिवशी तिची राखेची वाटी
बायकांनी उचलून फाटकाबाहेर ठेवली,
आणि आठवड्यानं ती मानवतला भावाकडं गेली म्हणे.

पाटल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सापडल्या.
ज्वारीच्या कोठीत, तळाला,
जुन्या पोलक्यात गुंडाळून काकूनंच ठेवलेल्या.
प्रोफेसर तोवर जिंतूरला कांदे खाऊ घालत होते.
काकूनं पाटल्या हातात चढवल्या आणि ढसाढसा रडली.
मग डोळे पुसून म्हणाली,
(हे वाक्य मला मरेपर्यंत पुरेल)
"पण मी तिला पाहिलं. दाराशी.
अजून दिसती."

दोन्ही गोष्टी तिच्याकडं राहिल्या.
हातात पाटल्या, डोळ्यांत जैतुनबी.
मानवतला मात्र कुणीच गेलं नाही.
मीही नाही, आणि मला तर आता गाडी आहे.

"धोका हाय का मग?" व्यंकटराव पुन्हा विचारतात.
आहे. तुमच्या दाढेला नाही.
तुम्हाला मी काही आठवायला लावणार नाही,
कोण होतं, काय झालं, कुणी केलं, काही नाही.
आठवणीवर बोट ठेवलं की ठसा उमटतो,
आणि तो ठसा नंतर माणसाला स्वतःचाच वाटतो.

ते थोडा वेळ विचार करतात.
चपला काढून खुर्चीखाली सारतात.
डोळे मिटतात.

काय दिसतंय, असं मी विचारत नाही.
काय जाणवतंय, एवढंच.
"काय नाही. पंख्याचा आवाज."
बरं.
तोच ऐका.